दादाने पारखलेली गन

खिळे मारायची बॅटरीची गन घ्यायची असेल तर आधी वजन बघा, असं मी हल्ली कुणालाही सांगतो. मग ट्रिगर दाबल्यावर खिळा लगेच सुटतो की मशीन आधी घूं घूं करत बसते, ते बघा. आणि मग खिळा पुरता आत जातो की डोकं वर ठेवतो, हे अंगठ्याचं नख फिरवून बघा. बाकी रंग, पेटी, वॉरंटीचा कागद, सगळं झूठ. लोक ऐकतात, मान डोलावतात, मला जाणकार समजतात. हे ज्ञान मला माझ्या सख्ख्या भावाला कामावरून घालवताना झालं, ते मात्र मी कुणाला सांगत नाही. इथे सांगून टाकतो.

मी सुतार. लालबागचा. माझं काम शेवटच्या हाताचं, म्हणजे फिनिशिंगचं. कपाटं उभी राहिली, पॅनेल लागले, की त्यांच्या कडांना सागवानी पट्ट्या, भिंतीच्या पायथ्याशी स्कर्टिंग, छताखाली गोलटाची, म्हणजे गोल घडवलेल्या पट्टीची, नक्षी, हे सगळं आम्ही लावतो. ह्या कामात खिळा दिसता कामा नये. दिसला की गिऱ्हाईक बोट ठेवतं आणि त्या बोटाबरोबर आपली अब्रू जाते. माझ्याबरोबर माझा दादा काम करायचा, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आणि गोरखपूरकडचे दोन कारागीर. एवढाच आमचा संसार.

दादा आणि मी दोघेही मिलमधले. मिलमध्ये सुतारखातं असायचं हे आता सांगावं लागतं. मागाचे लाकडी भाग, पेट्या, दारं, साहेबांची टेबलं, सगळं तिथंच दुरुस्त व्हायचं. दादा तिथं मिस्त्री होता आणि मी बदली, म्हणजे कुणी गैरहजर राहिला तरच काम. त्या खात्याचा एक नियम होता. कुणी रंधा लावून, पातं बसवून तुमच्या हातात दिला की तो तसाच चालवायचा. पातं वाकून बघायचं नाही, ठोकून खालीवर करायचं नाही. बघितलंत तर देणाऱ्याची लायकी काढल्यासारखं होतं, आणि त्यावरून तिथं मारामाऱ्याही झालेल्या मी पाहिल्यात. जो देतो तो लावून देतो, जो घेतो तो डोळे मिटून घेतो. दादाच्या तर हे हाडात शिरलेलं.

मग संप झाला. पहिले काही महिने आम्ही सगळे साहेब होतो. गॅलरीत बसून पत्ते कुटायचे आणि आज मिटेल, उद्या मिटेल करायचं. नंतर घरातली भांडी विकायला लागली. तेव्हा दादाला गिरगावात एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. मालक म्हणाला, अजून एक हात घेऊन या. मला वाटलं, माझंच नाव पक्कं. सख्खा भाऊ आहे म्हटल्यावर आणखी कोण असणार! पण दादाने चाळीच्या गॅलरीत एक सागाची फळी ठेवली, रंधा लावून माझ्या हातात दिला, आणि म्हणाला, मार.

मी मारला. पातं फळीत घुसलं, छिलका तुटला, लाकडाला खड्डा पडला. पुन्हा मारला, पुन्हा तेच. सगळी गॅलरी बघत होती. शेजारचा एक जण खो खो हसला. दादाने माझ्या हातातून रंधा काढून घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्येचो हात अजून बसूक नाय." मग त्याने गिरगावला कुणाला नेलं? जो हसला होता त्यालाच. आणि मला म्हणाला, "तू गावाक जा. आवशीक मदत होयत. हवापाणी बरा आसा."

हवापाणी! दोन वर्षं मी दुसऱ्याच्या मळ्यात चिखल तुडवला आणि पेज प्यायलो. रोज एकच गोष्ट उगाळायचो. रंधा लावून दिला कुणी? दादाने. मग पातं जास्त बाहेर ठेवलं कुणी? दादानेच. मुद्दाम. त्याला मी नको होतो, पण तोंडावर नको म्हणता येईना म्हणून त्यानं माझ्याच हाताकडून वदवून घेतलं. हे मी तेव्हा ठरवलं आणि त्याला कधी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तो नाही म्हणाला असता, आणि मग मी काय उगाळलं असतं?

पुढे त्यानेच मला मुंबईला परत बोलावलं, गिरगावच्या त्या वर्कशॉपमध्ये चिकटवलं आणि हाताला धरून सगळं काम शिकवलं. मी नाकारत नाही. आज मी जो काही आहे तो त्याच्यामुळे आहे, आणि म्हणूनच माझा त्याच्यावरचा राग कधी गेला नाही. ज्याचे उपकार फिटत नाहीत त्याचा राग येतोच. तुम्हाला येत नसेल तर तुम्ही भले लोक आहात, नमस्कार.

वर्षं गेली. मला चार शब्द इंग्रजी फेकता येतात, आर्किटेक्टपुढे हसता येतं, म्हणून मी कंत्राटदार झालो. दादाला ते जमेना, म्हणून तो माझ्या हाताखाली आला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. वहिनी वारली होती, मूलबाळ नव्हतं. तो आमच्याच खोलीत राहायचा, माझ्या बायकोच्या हातचं जेवायचा आणि सकाळी माझ्या आधी तयार होऊन जिन्यात उभा असायचा. एक गोष्ट मात्र तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. "ज्या दिवशी हात चलाचो नाय त्या दिवशी गावाक जायन. भावाच्या जीवार बसान खावचंय नाय." आणि त्याला गावाला जायचं नव्हतं. अजिबात. तिथं बंद घर, शेजारी कुणी नाही. "थंय माका झोप येणा नाय रे," म्हणायचा, "कायव आवाजच नाय." म्हणजे हिशोब साधा होता. काम आहे तोवर दादा लालबागेत, काम सुटलं की गावाला. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

आणि त्याचा हात हलायला लागला.

सत्तरीला आलेला माणूस, हलणारच. पण फिनिशिंगच्या कामात हात हलणं म्हणजे पट्टीवर हातोडीचे चंद्र उमटणं. पॉलिश झाल्यावर ते चंद्र असे उठून दिसतात की विचारू नका. मी भुसा आणि गोंद भरून ते बुजवायचो. त्याच्या देखत बुजवायचो आणि वर म्हणायचो, "दादा, आज पौर्णिमा आहे काय?" कारागीर दात काढायचे. दादा पण हसायचा. मला त्याचं हसणं सहन व्हायचं नाही. वाटायचं, ह्यानं चिडावं, हातोडी फेकावी, शिवी घालावी. पण नाही.

त्यात परळच्या एका टॉवरमधलं काम लागलं. मिलच्या जागेवरचा टॉवर. खाली कोणतं खातं होतं ते मी शोधत बसलो नाही, मला लिफ्ट कुठे आहे एवढं कळलं की पुरे. आजूबाजूच्या फ्लॅटमध्ये माणसं राहायला आलेली. दुपारी ठोकाठोक बंद. हवेच्या गनला कॉम्प्रेसर लागतो, तो सुरू केला की पाच मिनिटांत वॉचमन दारात. ज्या बाईंचा फ्लॅट, त्यांनी दादाच्या पट्टीवरचा चंद्र नेमका बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या आजोबांना शेवटचं काम देऊ नका हं." आजोबा! मी घरी येऊन हे दादाला शब्दाला शब्द सांगितलं. सांगायची काही गरज होती? नव्हती. जेवताना सांगितलं. तो भात कालवत राहिला.

मग म्हणाला, ती बॅटरीची गन येते ना, ती घेऊया. तिला हातोडी नको, कॉम्प्रेसर नको. टेकवायची नि दाबायची. हात हलला तरी खिळा सरळ जाणार. बोलताना त्याचे डोळे चमकत होते. सत्तरीचा म्हातारा आणि नव्या हत्याराचं एवढं कौतुक! मला त्याची कीव आली आणि हेवाही वाटला.

आम्ही नागदेवीला गेलो, हत्यारांच्या बाजारात. माझा नेहमीचा दुकानदार. त्यानं काउंटरवर तीन गन मांडल्या. पहिली गॅसची. आत सेंटच्या बाटलीसारखी एक नळी घालायची, ती संपली की नवी, आणि प्रत्येक खिळ्याला जळका वास. बंद फ्लॅटमध्ये तो वास कोण सहन करणार? ती बाजूला. दुसरी जड. आत चाक फिरतं, त्याच्या जोरावर खिळा जातो. दाबलं की आधी घूं करते, मग मारते. वजन असं की छताखाली दहा खिळे मारले की खांदा बोलायला लागतो. पण दणकट. तिसरी हलकी. आत हवा कायमची कोंडलेली, बॅटरी ती फक्त दाबते. ट्रिगर ओढला की टक्, संपलं. तोल असा की हातात धरल्यावर नाक आपोआप पट्टीवर बसतं.

दादाने ती तिसरी हातात घेतली. खाली नाक करून, वर करून, डाव्या हातात, उजव्या हातात. आणि मी शप्पथ सांगतो, त्याचा हात हलायचा थांबला. दुकानदारसुद्धा म्हणाला, "चाचा, ये तो आपके लिए ही बनी है." दादा लाजला. मग पलीकडच्या दुकानात पटाशा बघायला गेला. तेवढ्यात दुकानदाराने मला हलक्या गनच्या नाकाशी असलेलं एक छोटं चाक दाखवलं. ते पुढे फिरवलं की खिळा खोल जातो, मागे फिरवलं की वर राहतो. "लकडी देखके सेट करना," म्हणाला. ओळखीचा म्हणून त्याने जड आणि हलकी अशा दोन्ही गन दोन दिवस वापरून बघायला दिल्या.

तोवर माझ्या मनात काही नव्हतं, असं म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवाल का? पण खरंच नव्हतं. हलकी महाग होती, पण मला जड जाणारी नव्हती. मी तीच घेणार होतो. टॅक्सीत दादा पेटी मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "ही हलकी गावली तर अजून धा वर्सां खंय जाणंय नाय मी."

दहा वर्षं.

मी खिडकीबाहेर बघितलं. दहा वर्षं हा सकाळी माझ्या आधी जिन्यात उभा राहणार. दहा वर्षं माझ्या बायकोला विचारणार, आज मासे कुठले. दहा वर्षं प्रत्येक पट्टीवर नख फिरवून माझं काम तपासणार आणि आर्किटेक्टसमोर मला "बाबू" म्हणणार. मला त्याला काढता येत नव्हतं. काढलं असतं तर चाळ माझ्या तोंडावर थुंकली असती, बायको बोलली नसती. मला तो स्वतःच्या तोंडाने जायला हवा होता. चार माणसांसमोर. जसा मी गेलो होतो तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवरमध्ये मी त्याच्या आधी पोचलो. त्याला म्हटलं, वाटेत डब्यासाठी पाव घेऊन ये. फ्लॅटमध्ये जाऊन हलक्या गनचं ते चाक मी मागे फिरवलं. फार नाही. खिळ्याचं डोकं नखाला लागेल एवढंच. जास्त फिरवलं असतं तर डोळ्यांना दिसलं असतं आणि माणूस विचारतो, काय झालं म्हणून. नखाला लागलं की माणूस स्वतःवर शंका घेतो. हे बारकावे मला दादानेच शिकवलेले.

दोन्ही कारागिरांना बोलावलं. हॉलच्या भिंतीवर दोन सागवानी पट्ट्या लावल्या. आधी जड गन दादाच्या हातात दिली. त्यानं दोन्ही हातांनी धरली. घूं, ठक्. घूं, ठक्. दहा खिळ्यांना त्याच्या कपाळावर घाम आला, मनगट लटपटायला लागलं, पण खिळे सगळे आत. नख फिरवलं, काही लागलं नाही. मग मी हलकी गन त्याच्या हातात दिली. माझ्या हाताने, त्याच्या हातात. त्याने ती घेतली आणि चालवायला लागला. चाकाकडे बघितलंसुद्धा नाही. बघणारच नव्हता. मी लावून दिली होती ना!

टक्, टक्, टक्. दहा खिळे एका दमात. हात स्थिर, चेहरा पोरासारखा. मग त्याने डोळे मिटून पट्टीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं. पुढच्या खिळ्याला अडकलं. त्याच्याही पुढच्या. त्याने डोळे उघडले आणि पट्टीकडे बघत राहिला. म्हणाला, थांब, मी दाबलं नसेल नीट. पुन्हा दहा मारले, अंगाचा भार टाकून. नख पुन्हा अडकलं. तिसऱ्यांदा त्याने श्वास रोखून मारले. त्या वेळी मला वाटलं होतं, आता सांगावं, दादा, अरे चाक आहे तिथं. धाकटा कारागीर पुढे वाकून म्हणाला, "सेठ, इसका वो चक्का..." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने वाक्य गिळलं. "तू पानी ला," मी म्हटलं. तो गेला.

"बोल दादा," मी म्हटलं. "खंयची घेवची?"

दोन्ही पट्ट्यांवरून त्याने पुन्हा एकदा नख फिरवलं. मला आशा होती की तो खोटं बोलेल. म्हणेल, हलकी घे रे, खिळे मी नंतर पंच मारून बसवीन. विनवणी करेल. एकदा तरी माझ्याकडे काही मागेल. तेही मला चाललं असतं, मी कदाचित घेतलीही असती. पण तो मिलचा मिस्त्री होता. म्हणाला, "ही जड घे. ती हलकी नको, खिळो वर रवता. उद्या पॉलिशवालो शिव्या घालतलो."

"झेपात तुका?" मी विचारलं. मला माहीत होतं, नाही झेपणार. तरी विचारलं, कारागिरांसमोर.

"माझा काय घेऊन बसलंस? काम बघ," तो म्हणाला, आणि हलकी गन पेटीत अशी ठेवली की आवाजही झाला नाही.

मी जड गन विकत घेतली. हलकी परत करायला स्वतः नागदेवीला गेलो, आणि देण्याआधी चाक होतं तसं फिरवून ठेवलं. दुकानदाराने विचारलं, चाचांना आवडली नाही? मी म्हटलं, त्यांनीच नापास केली. शब्द एकही खोटा नव्हता.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. छताखालच्या गोलटाचं काम निघालं. ते मी दादाला दिलं. दुसऱ्या कारागिराला देता आलं असतं, पण मी दादाला दिलं. शिडीवर उभं राहून, हात डोक्याच्या वर, ती धोंड धरून. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्याला शर्टाची बटणं काढता येईनात, माझ्या बायकोने काढून दिली. ती माझ्याकडे बघत होती, मी टीव्ही बघत होतो. दुसऱ्या दिवशी त्याने मनगटाला पट्टा बांधला. तिसऱ्या दिवशी गन त्याच्या हातातून निसटली आणि खालच्या कपाटाच्या नव्या व्हिनियरवर आपटली. इंचभर लांब खोक पडली. बाई घरातच होत्या. त्या काय बोलल्या ते मी लिहीत नाही. मी मध्ये पडून काहीतरी बोलू शकलो असतो. मी त्यांची माफी मागितली, दादाच्या वतीने. "वय झालंय त्यांचं," म्हटलं.

दादा शिडीवरून हळूहळू खाली आला. खाली येऊन त्याने खोक पडलेल्या कपाटाच्या दारावर तळहात फिरवला. मग मला म्हणाला, "बस झाला रे. आता जातंय मी." मी एकदा थांब म्हणालो. एकदाच. दुसऱ्यांदा म्हणालो असतो तर तो कदाचित थांबला असता.

आठवड्याने त्याला एसटीत बसवून दिलं. बायको रडली. तो खिडकीतून म्हणाला, गनला तेल नको घालू, ती कोरडीच चालते. मी म्हटलं, बरं. आणि मला काय वाटलं म्हणून विचाराल तर बरं वाटलं. घरी येऊन मी कोपऱ्यातली त्याची गादी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि त्या जागेत पाय पसरून झोपलो. मस्त झोप लागली.

दर रविवारी त्याचा फोन यायचा. बायकोची चौकशी, माझी चौकशी, आणि शेवटी ठरलेलं, "गन बरी चलता मां?" मी म्हणायचो, एकदम फस्क्लास, तू पारखलेली आहे. तो खूश व्हायचा. गावात सगळ्यांना सांगायचा म्हणे, मुंबईला भावाचं एवढं मोठं काम चालतं, त्याची गन मी निवडून दिली. त्याच्याकडे सांगायला दुसरं काही उरलं नव्हतं. मला ते कळत होतं. कधी कधी रविवारी मी फोन उचलायचो नाही.

दोन वर्षांनी गणपतीला गावी गेलो. घर झाडून-पुसून लख्ख. दादा अर्धा झाला होता. गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटवी, म्हणजे फळं-पानं बांधायची ती लाकडी चौकट, जुनी किडली होती म्हणून नवी करायला गावातला एक सुतार आला होता. माणूस तिशीतला, कणकवलीला कामं करणारा. ओटीवर शेजारचे तिघंचौघं गप्पा मारत बसलेले. त्या सुताराने पिशवीतून गन काढली. तीच. हलकी.

दादाने लगेच ओळखली. पुढे सरसावून म्हणाला, "ही कित्याक घेतलंस रे? आमी मुंबयत बघितलेली ही. खिळो वर रवता हिचो." आणि ओटीवरच्यांकडे वळून, "ह्येका विचारा, मीच नको म्हटलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "होय."

सुतार हसला. "रवता खंय काका? बघा मां." त्याने चौकटीला पट्टी लावून टकाटक आठ खिळे मारले. दादा उठला. जवळ जाऊन त्याने डोळे मिटले आणि नख फिरवलं. एकदा. दोनदा. नख कुठेही अडकलं नाही. सुताराने ते छोटं चाक दाखवलं. म्हणाला, "काका, ह्या मागे फिरवलास तर वर रवतलो, फुडे फिरवलास तर आत जातलो. तुमच्या येळेक मागे ऱ्हवला असात."

दादाने गन हातात घेतली. ते चाक बोटाने पुढे फिरवलं, मागे फिरवलं. बराच वेळ. मी ओटीच्या खांबाला टेकून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, आता बोल. आता तरी बोल. चार माणसं आहेत, घाल शिवी, मार कानाखाली. मी तयार होतो. खरं तर मला ते हवं होतं.

"आवशीचो घो," दादा हळू म्हणाला. "म्हणजे तेव्हा माझोच हात लागलो असतलो ह्या चाकाक. माका कळूकच नाय."

मग तो माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा उतरला होता. "तुझा नुकसान केलंय रे मी. दोन वर्सां ती धोंड तुझ्या गळ्यात. तू माका बोललंस सुद्दा नाय."

माझी बायको आतून दारात येऊन उभी राहिली होती. बोलायची हीच वेळ होती, एवढं मला नक्की कळत होतं.

"जाव दे रे दादा," मी म्हटलं. "वयान होता असा."

शेजारचा एक म्हातारा म्हणाला, बरा आसा बाबा तुझो भाव, दुसरो असतो तर बोललो असतो. दादाने मान हलवली. तो खाली बसला, हात जोडल्यासारखे गुडघ्यांत धरले, आणि मी दिलेली ती माफी त्याने घेतली.